हुशार मुलीला कुठल्या शाळेत घालू? आधी पाचवीचा विचार करा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल.

तुमची मुलगी आठ वर्षांची आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत तिसरीत शिकते. शाळेत जायच्या आधीच आपणहून वाचायला लागली, वरच्या इयत्तेची गणिते तोंडी सोडवते. वहीत लिहायचा मात्र तिला भारी कंटाळा, आणि हल्ली सकाळी शाळेत जाताना कुरकुर करते. बाई म्हणतात, चौथी गाळून थेट पाचवीत घाला. दीर केंद्र सरकारच्या निवासी नवोदय विद्यालयाचे सुचवतात. तुमच्या मैत्रिणीची मुले पणजीजवळ पर्वरीकडे इंग्रजी माध्यमाच्या सीबीएसई शाळेत जातात, म्हणून ती म्हणते इकडे आणा. पुण्याच्या मावशींना वाटते, ज्ञानप्रबोधिनीत पाठवा. त्यात एका खासगी दवाखान्यात केलेल्या चाचणीत तिचा बुद्ध्यांक १४२ आला, आणि घरात सगळ्यांची झोप उडाली. यातली बरोबर शाळा कोणती आणि ती 'गिफ्टेड' आहे हे तिला सांगावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी बरीच वर्षे पाचवी ते सातवीला गणित शिकवले, आणि त्यानंतर डिचोली, सत्तरी, फोंडा या भागातल्या हायस्कुलांत समुपदेशक म्हणून काम करत आले आहे. तुमच्या मुलीला मी पाहिलेले नाही, त्यामुळे अमुक शाळेत घाला असे मी इथून सांगणार नाही. घरात आजी-आजोबा आहेत का, तुम्हा दोघांच्या नोकऱ्या कुठे आहेत, मुलगी घर सोडून राहू शकेल का, यावर अर्धे उत्तर ठरते. पण एक गोष्ट ठामपणे सांगते. तुम्ही चार शाळांची तुलना करत आहात, आणि खरी अडचण त्या चार नावांत नाहीच. गोव्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या वाटेत पाचवी येते. चौथीपर्यंत सगळे मराठीतून, पाचवीपासून सगळे इंग्रजीतून. हुशार मुलाची हुशारी दिसेनाशी होते ती बहुतेक वेळा इथेच. म्हणून शाळा निवडताना पहिला प्रश्न हा, की पाचवीत हिचे इंग्रजी कच्चे असताना हिची बुद्धी ओळखणारे माणूस त्या शाळेत आहे का?

त्या १४२ बद्दल आधी बोलू, कारण तो आकडा घरात उगाच मोठा होऊन बसला आहे. अहवालात चाचणीचे नाव बघा. आपल्याकडे अजूनही बिने-कामत चाचणी सर्रास वापरतात. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला मराठी आणि कानडी मुलांसाठी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या चाचणीचे रूपांतर केले, त्या कामाची सुरुवात १९३० च्या दशकातली. चाचणी वाईट नाही, मराठीत विचार करणाऱ्या मुलाला ती जवळची वाटते. पण तिची प्रमाणके, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करून आकडा काढतात ती कोष्टके, जुनी आहेत. जगात अनेक देशांत दर पिढीची मुले अशा चाचण्यांत आधीच्या पिढीपेक्षा जास्त गुण मिळवत आली. जेम्स फ्लिन या संशोधकांनी १९८० च्या दशकात हे दाखवून दिले, आणि ही वाढ दहा वर्षांना साधारण तीन गुण एवढी भरते. त्यामुळे जुन्या मापाने आजचे मूल मोजले की आकडा फुगतो. वेश्लर या दुसऱ्या बुद्धिमापन चाचणीच्या भारतीय आवृत्तीवर तेच मूल बऱ्याचदा खाली येते. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरले तर १३० च्या वर शंभरातली साधारण दोन मुले असतात. तुमची मुलगी १४२ ची असो की १२८ ची, शाळा निवडायला त्या आकड्याचा उपयोग नाही. कुठल्या विषयात ती वर्गाच्या किती पुढे आहे, ते कळणे उपयोगाचे.

आणि ते घरच्या घरी कळते. ज्युलियन स्टॅन्ले यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तेव्हा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना चक्क कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसवले. स्वतःच्या इयत्तेच्या पेपरात हुशार मुलांना सगळ्यांनाच पैकीच्या पैकी मिळतात, त्यातून काही कळत नाही. वरचा पेपर दिला की खरा फरक दिसतो. तुम्हीही बाईंकडून चौथीचे वार्षिक परीक्षेचे जुने पेपर मागून घ्या आणि एकेक विषय वेगवेगळ्या दिवशी सोडवून घ्या. गणितात ऐंशीच्या पुढे गेली तर पाचवीचा पेपर आणा. तो इंग्रजीत असेल, तर तुम्ही तिला मराठीत सांगा, आणि उत्तरे तोंडी दिली तरी चालतील. मराठी आणि परिसर अभ्यासाचेही करा. माझा अनुभव असा, की गणितात दोन वर्षे पुढे असलेली मुले लेखनात बहुतेक आपल्याच वयाची असतात. तुमच्या मुलीचे तसे निघाले तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतील.

पेपराशिवाय मी आणखी एक करते. मुलासमोर त्याने न शिकलेला प्रश्न ठेवते आणि ते कसे झगडते ते बघत बसते. अशाच एका तिसरीतल्या मुलीला मी विचारले होते, पूर्ण दिवसात घड्याळाचे दोन काटे एकमेकांवर किती वेळा येतात? ती लगेच म्हणाली, २४, दर तासाला एकदा. मी काहीच बोलले नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले, मग माझ्याच टेबलावरच्या दोन पेन्सिली उचलल्या आणि काट्यांसारख्या फिरवायला लागली. एक वाजून पाच मिनिटांच्या जरा पुढे, दोन वाजून दहाच्या पुढे, असे करत दहापर्यंत गेली आणि थांबली. "इकरा उपरांत मेळनात, थेट बारांचेर मेळटात," ती स्वतःशीच कोंकणीत म्हणाली, अकरानंतर भेटत नाहीत, थेट बारावर भेटतात. म्हणजे बारा तासांत ११ वेळा, दिवसाला २२. आधीचे उत्तर चुकले म्हणून तिला वाईट वाटले नव्हते, उलट चूक सापडल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. मला पाहायचे असते ते हे. पाठ असलेले भराभर म्हणणारी मुले खूप भेटतात, स्वतःच्या उत्तरावर शंका घेऊन परत मागे जाणारी कमी. तुमच्या मुलीला असे प्रश्न आवडतात की ती "मला येत नाही" म्हणून उठून जाते, तेही बघा. उठून जात असेल तर तिला आजवर सगळे फार सोपे मिळाले आहे. अवघड गोष्टीची सवय लावणे हे मग शाळाबदलाइतकेच महत्त्वाचे काम ठरते.

आता बाईंनी सुचवलेली उडी. इयत्ता गाळण्याच्या मी विरोधात नाही. यावर जगभर पुष्कळ संशोधन झाले आहे, आणि योग्य मूल निवडले तर अभ्यासात फायदा होतो, वरच्या वर्गात ते एकटे पडते ही भीती बहुधा खरी ठरत नाही. पण मूल सगळ्याच विषयांत पुढे असावे लागते, त्याला स्वतःला जायची इच्छा असावी लागते, आणि पुढच्या वर्गाचे शिक्षक मनापासून तयार असावे लागतात. तुमच्या बाबतीत माझा आक्षेप चौथी गाळण्यालाच आहे. चौथी गाळली की इयत्ता, शाळा आणि माध्यम हे तिन्ही एकाच दिवशी बदलणार. पाचवीच्या वर्गात ती सगळ्यांत लहान, आणि इंग्रजीतही सगळ्यांच्या मागे. उडी मारायचीच असेल तर ती पाचवी-सहावीत इंग्रजी बसल्यावर मारलेली बरी. पुढचेही एक ध्यानात ठेवा. नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसायला प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. एक इयत्ता गाळली तर तिचा वाढदिवस कधी येतो त्यावर गणित अवलंबून राहील. दोन गाळल्या आणि तिला डॉक्टर व्हायचे असले, तर बारावीनंतर घरी थांबणे आलेच.

या वर्षापुरते तुमच्या गावच्या शाळेतच एक सोय आहे, जी पर्वरीच्या मोठ्या शाळेत मिळणार नाही. आपल्या गावांतल्या सरकारी प्राथमिक शाळांची पटसंख्या कमी, त्यामुळे एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र घेऊन बसतात. लोक याला शाळेचा दोष मानतात. पुष्कळ मुलांच्या बाबतीत तो आहेही. पण तुमच्या मुलीसारखीला ही पर्वणी आहे. तिसरीची तोंडी गणिते संपली की तिने तिथल्या तिथे चौथीच्या फळ्याकडे वळून बसायचे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही, हजेरीत नाव हलवावे लागत नाही. बाईंनाच सांगा: गणिताला तिला चौथीत बसू द्या, बाकी तिसरीतच. बाई तयार असतील, उडीचे त्यांनीच सुचवले आहे म्हणजे त्यांना तिची तळमळ कळलेली आहे. अशा बाई मिळणे हे कुठल्याही नावाजलेल्या शाळेपेक्षा मोठे आहे, आणि चौथीचे वर्ष त्यांच्याच हाताखाली जावे असे मला मनापासून वाटते. सकाळची कुरकुरही यानेच कमी होईल असा माझा अंदाज आहे.

आता पाचवी. इथे मला जास्त बोलायचे आहे.

पाचवीच्या पहिल्या सहामाहीत मी दरवर्षी काही मुले अशी पाहते, की चौथीच्या बाई त्यांचे कौतुक करून थकत नाहीत आणि हायस्कूलचे शिक्षक मात्र "सर्वसाधारण" असा शेरा मारून मोकळे होतात. मूल तेच. एका मुलाची विज्ञानाची वही मला अजून आठवते. पान अन्न कसे तयार करते याची त्याने आकृती काढली होती, पानाखालची सूक्ष्म छिद्रे, मुळांतून वर चढणारे पाणी, सूर्याकडून येणारे बाण, सगळे पुस्तकातल्या आकृतीपेक्षा बारकाईने. नावे अर्धी इंग्रजीत, अर्धी मराठीत. 'ऑक्सिजन'चे स्पेलिंग चुकलेले. खाली लाल शाईत दहापैकी चार. त्यानंतरच्या आकृत्या त्याने पुस्तकातून जशाच्या तशा उतरवल्या होत्या, स्पेलिंगे बरोबर, गुण आठ-नऊ. आईवडील खूश. मला काळजी वाटली ती त्या आठ-नऊची. पोराने शोधणे सोडले होते आणि उतरवायला शिकले होते.

यात शिक्षकांना दुष्ट ठरवायचे कारण नाही. त्यांच्यासमोर पाच-सहा प्राथमिक शाळांतून आलेली मुले असतात, कुणी मराठीतून, कुणी कोंकणीतून, कुणी पहिलीपासून इंग्रजीतून. जो पटकन इंग्रजीत उत्तर देतो तो हुशार दिसतो. कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवले आहे, की नव्या भाषेत बोलण्यापुरती सहजता एक-दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, विचार मांडायची भाषा पक्की व्हायला साधारण पाच ते सात वर्षे लागतात. म्हणजे पाचवीत इंग्रजीत गेलेली मुलगी दहावीपर्यंत त्या भाषेत तिच्या खऱ्या कुवतीपेक्षा खालीच दिसू शकते. हे शाळेला माहीत असणे आणि तुम्हालाही माहीत असणे गरजेचे. नाहीतर सहावीत येईपर्यंत घरातलेच कुणीतरी म्हणते, "लहानपणी हुशार होती, आता काही विशेष नाही," आणि पोरीला ते खरे वाटू लागते. मुली तर साधारण याच वयात हुशारी लपवायलाही शिकतात, मैत्रिणींना रुचत नाही म्हणून.

म्हणून चौथीच्या वर्षात तिच्या इंग्रजीची तयारी करा, पण शिकवणी लावून नव्हे. रोज पंधरा-वीस मिनिटे तुम्ही दोघींनी मिळून इंग्रजी मोठ्याने वाचा. तुमचे उच्चार कसे आहेत याचा विचार करू नका. पाचवीचे गणिताचे पुस्तक आधीच आणून ठेवा. गणित तिला येतेच, त्यामुळे इंग्रजी शब्द तिला ओळखीच्या विचारावर बसवायचे आहेत, दोन्ही एकदम शिकायचे नाही. भागाकार, बाकी, कोन, परिमिती हे शब्द इंग्रजीत तोंडात बसले की पाचवीच्या गणिताच्या तासाला तरी ती पहिल्या दिवसापासून बोलेल, आणि एका विषयात बोलती झालेली मुलगी बाकीच्या विषयांत फार दिवस गप्प राहत नाही. त्याच वेळी मराठी वाचन अजिबात थांबवू नका, उलट वाढवा. तिचा विचार जिथे सर्वांत खोल जातो ती भाषा आत्ता मराठी आहे, आणि घरातली कोंकणी. सत्तरीत राहता, तर चतुर्थीला माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला, बांधायच्या रानफळांची नावे आजोबांना विचारून एका वहीत कोंकणी, मराठी, इंग्रजी अशी तिन्ही लिहून ठेवायला सांगा. ज्या मुलीला लिहायचा कंटाळा येतो तीही हे लिहिते, कारण ही यादी तिला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात आयती मिळत नाही.

आता हायस्कूल निवडायचे कसे. गोव्यातल्या हायस्कुलांची एक रचना आपण गृहीत धरतो, पण हुशार मुलासाठी ती फार सोयीची आहे: पाचवी ते दहावी एकाच इमारतीत असते. नववी-दहावीला गणित शिकवणारे शिक्षक तुमच्या पाचवीतल्या मुलीपासून एका जिन्यावर असतात. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक थोडे जुळवले तर पाचवीतली मुलगी गणिताच्या तासाला सातवीत जाऊन बसू शकते. काही शाळा हे करतात, फक्त कोणी मागत नाही म्हणून बाकीच्या करत नाहीत. तुम्ही मागा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष प्रतिभा असलेल्या मुलांना नेहमीच्या अभ्यासक्रमापलीकडचे साहित्य आणि मार्गदर्शन द्यावे असे स्पष्ट म्हटले आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना त्याचा आधार घेता येतो. काही अडले तर भागशिक्षणाधिकाऱ्यांना भेटायला संकोच करू नका.

शाळा बघायला जाल तेव्हा निकालाच्या टक्केवारीचा फलक बघून परत येऊ नका. मुख्याध्यापकांना एवढेच विचारा: "धडा शिकवण्याआधीच ज्या मुलाला तो येतो, त्याचे तुम्ही काय करता?" "जास्त गृहपाठ देतो" असे उत्तर आले तर सावध व्हा, कारण हुशार असल्याची ती शिक्षा झाली. "दुसऱ्यांना शिकवायला सांगतो" हे कधीमधी ठीक, रोज नको. तीही तिथे शिकायलाच आली आहे. "असे मूल आमच्याकडे सहसा येत नाही" असे कोणी म्हणाले तर तिथे असे मूल ओळखलेच जात नाही, असे समजा. "बघू, तिला घेऊन या, आमच्या गणिताच्या सरांशी बोलू द्या" असे जिथे ऐकाल ती शाळा मी तरी वरच्या क्रमांकाला ठेवीन. मग ग्रंथालयात जा आणि पाचवी-सहावीच्या मुलांना पुस्तके दिल्याची नोंदवही बघायला मागा. कपाटात पुस्तके सगळीकडे असतात. नोंदवहीत चालू महिन्याच्या तारखा आहेत का ते बघा. पाचवीला गणित आणि विज्ञान शिकवणारे त्या विषयाचे शिक्षक आहेत की रिकामा तास भरायला कुणालाही पाठवतात, हेही विचारा. आणि शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी थोडा वेळ उभ्या राहा, मुले शिक्षकांशी कशी बोलतात ते ऐका.

पर्वरीच्या शाळेचे आता लवकर सांगून टाकते. बोर्ड कुठले यावर मी फार जोर देत नाही. गोवा बोर्डाच्या शाळांतही नववीपासून गणित-विज्ञानाला एनसीईआरटीचीच पुस्तके आहेत. मला त्या प्रवासाची भीती वाटते. सत्तरीतून पर्वरी म्हणजे सकाळी तासाच्या वर, संध्याकाळी तितकेच. या वयाच्या हुशार मुलीची खरी वाढ होते ती दुपारनंतरच्या मोकळ्या वेळात, वाचनात, काहीतरी उघडून बघण्यात, रानात हिंडण्यात. तो वेळ बसच्या खिडकीत गेला तर चांगल्या शाळेनेही काही भरून निघत नाही. वाळपई किंवा साखळीचे एखादे अनुदानित हायस्कूल, जिथे बालरथ, म्हणजे शाळेची बस, घराजवळून नेतो आणि दुपारी घरी सोडतो, तिथे गणिताचा एक चांगला शिक्षक मिळाला तर मी डोळे झाकून तिकडे पाठवीन. कुटुंबच पर्वरीकडे राहायला जाणार असेल तर गोष्ट वेगळी.

पुण्याचे म्हणाल तर ज्ञानप्रबोधिनीबद्दल मला मोठा आदर आहे. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये संस्था सुरू केली ती बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा प्रयोग म्हणूनच, आणि प्रशालेत पाचवीलाच निवडचाचणी घेऊन प्रवेश देतात. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलीला त्यासाठी आईवडिलांपासून दूर मावशीकडे ठेवणे मला पटत नाही. तुम्ही सगळेच पुण्याला जाणार असाल तरच तो विचार करा.

नवोदय मात्र गंभीरपणे घ्या. दिरांचे म्हणणे मला सर्वांत विचार करण्याजोगे वाटते. उत्तर गोव्याचे नवोदय वाळपईला, म्हणजे तुमच्याच तालुक्यात आहे. प्रवेश सहावीत, निवडचाचणी पाचवीत असताना. जास्तीत जास्त ८० मुले घेतात, राहणे-जेवण-शिक्षण मोफत, आणि निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. चाचणी दोन तासांची, १०० गुणांची. त्यातले ५० गुण मानसिक क्षमतेला, २५ अंकगणिताला, २५ भाषेला. भाषा मराठी घेता येते. म्हणजे इंग्रजी कच्चे असलेल्या मराठी मुलीची बुद्धी जशी आहे तशी दिसेल अशी ही जागा आहे. दुसरा फायदा मला याहून मोठा वाटतो. गावच्या छोट्याशा शाळेत तिला आजवर स्वतःसारखी एकही मुलगी भेटलेली नसेल. तिथे भेटतील. वर्गात कुणीतरी आपल्यापुढे असणे ही या मुलांना लागणारी गोष्ट आहे, आणि ती पैशाने मिळत नाही.

यात दोन अडचणी आहेत. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. तुम्ही पाचवीला शहरी हद्दीतल्या शाळेत हलवलीत तर तो हक्क जातो. म्हणून पाचवीसाठी शाळा ठरवण्याआधी ती शाळा ग्रामीण गणली जाते की नाही, हे नवोदयच्या कार्यालयात जाऊन विचारा. वाळपई आणि साखळी दोन्ही पालिका क्षेत्रे आहेत, तेव्हा हे तर आधी विचारा. शिवाय चाचणीला एकदाच बसता येते, दुसरी संधी नाही. आणि दुसरी अडचण वसतिगृहाची. अकरा वर्षांची काही मुले तिथे आठवड्यात रुळतात, काही रोज रात्री रडतात, आणि बुद्ध्यांकाचा याच्याशी काही संबंध नसतो. ती मामाकडे, आत्याकडे तुमच्याशिवाय राहते का? आजारी पडली तर मोठ्यांना जाऊन सांगते का? पुढच्या वर्षभरात सुट्टीत तिला थोडे थोडे दिवस राहायला पाठवून बघा. घर जवळ असल्याचा आधार तुम्हाला वाटेल, पण भेटीच्या दिवसांचे नियम तिथेही आहेतच.

लिहिण्याच्या कंटाळ्याकडे दुर्लक्ष करू नका. बहुतेक वेळा जे येते तेच पाच वेळा लिहायचा तो वैताग असतो. पण तोंडी उत्तरे अप्रतिम आणि लेखन फारच मागे, अक्षरे उलटसुलट, ओळ सोडून जाणे, हात दुखणे असे दिसत असेल तर लेखनाची अध्ययन अक्षमता आहे का ते तपासून घ्या. हुशार मुलांमध्ये ती उशिरा लक्षात येते, कारण बुद्धीच्या जोरावर ती भरून काढतात. बांबोळीच्या मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत मुलांची तपासणी होते. तसे निघालेच तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, आणि मुख्य म्हणजे तिला आळशी म्हणणे थांबते.

शाळेबाहेरच्या गोष्टींची गर्दी करू नका. पणजीला जाल तेव्हा पाटोची मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत आणि मिरामारचे विज्ञान केंद्र दाखवा, तिथून तिला ओढून बाहेर काढावे लागेल. जवळ बाल भवनचे केंद्र असेल तर गाणे, तबला, चित्रकला यांतले जिथे ती पहिली नसेल असे काहीतरी शिकू द्या. सहावीपासून शाळेमार्फत केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर मानक' या विज्ञान योजनेला प्रकल्प पाठवता येतो, आठवीपासून गणित ऑलिंपियाडची पहिली परीक्षा देता येते. त्याआधी स्पर्धापरीक्षांच्या मागे लागायची घाई नको.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. 'गिफ्टेड' हा शब्द आणि तो १४२ तिला सांगू नका, आणि चतुर्थीला जमलेल्या पाहुण्यांना तर मुळीच नको. पण तिच्यापासून लपवल्यासारखेही वागू नका, तिला केव्हाच कळलेले आहे की आपले वर्गात इतरांसारखे होत नाही. मी मुलांना असे सांगते: "तुला गणित लवकर येते. म्हणून तुला अवघड गणिते मिळणार, आणि ती कधी कधी चुकणार. चुकली की मला येऊन दाखव." आठ वर्षांच्या मुलीला एवढे पुरते. ती आणखी विचारेल तेव्हा आणखी सांगा.

चौथीचे पेपर सोडवून झाले की तिची उत्तरे आणि विशेषतः चुकलेली उत्तरे मला लिहून कळवा. चुकली कशी ते वाचले की पाचवीसाठी काय मागायचे ते मी तुम्हाला जास्त नेमके सांगू शकेन.